घोडबंदर रोडवर होल्डिंग

एअर फोर्समधून रिटायर होऊन ठाण्यात फ्लॅट घेतला तेव्हा एजंट म्हणाला होता, सर स्टेशनपासून वीस मिनिटं. कशाने ते त्याने सांगितलं नाही, आणि मी पडलो हेलिकॉप्टरवाला, मलाही ते शक्यच वाटलं.

तर परवा दोन कोर्समेट जेवायला येणार होते, त्यांना आणायला स्टेशनला गेलो. तात्या फायटरवाला, मिग २१. दुसऱ्याला आम्ही डबेवाला म्हणतो कारण त्याच्या एएन ३२ या मालवाहू विमानात इंजिनाआधी खाण्याची सोय चेक व्हायची, तो खारघरहून ट्रान्स हार्बरने थर्मास आणि चिवडा घेऊनच आला. मला हे लोक पंख्या म्हणतात.

कापूरबावडीला गाडी थांबली ती थांबलीच, उतरायची परवानगी मिळेपर्यंत विमानाला वर थांबवून ठेवतात ना, तसं होल्डिंग. पुढे जेएनपीटीहून गुजरातला निघालेले कंटेनर, बाजूला मेट्रोचं काम. तात्याने विचारलं, फ्यूल किती? म्हटलं अर्धी टाकी. "अर्धी? मग निवांत बस की, आमचं तर टेकऑफ करता करता संपायला यायचं." १९६३ ला आलेलं त्याचं मिग २०२५ च्या सप्टेंबरात चंदीगडला निवृत्त झालं, ते टीव्हीवर बघून हा पठ्ठ्या एवढंच म्हणाला होता, माझ्यानंतर रिटायर झालं पण बिचाऱ्याला पेन्शन नाही. आणि मग गुपचूप बाल्कनीत गेला.

मागून डबेवाल्याची अनाउन्समेंट, "प्रवाशांनी लक्ष द्यावं, उजवीकडे मेट्रोचा पिलर दिसतोय, अर्ध्या तासाने पुन्हा तोच दाखवण्यात येईल."

मग तात्या जुनी डॉगफाइट सांगायला लागला. फायटरवाल्याचे हात बांधले तर तो मुका होतो, एक हात शत्रूचं विमान, दुसरा स्वतःचं. डावा हात खिडकीबाहेर वळसा घेऊन गेला आणि शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं साहेब जा म्हणतायत, घुसला ना तो पुढे, वर तात्याला सलामही ठोकला. त्याच्यामागून आणखी दोन बाईक.

तात्या मला म्हणाला, पंख्या, तू गच्चीवरच उतरव ना आम्हाला. म्हटलं बाबा, आम्ही चीता हेलिकॉप्टर घेऊन सियाचीनला जायचो तिथेही एवढी गर्दी नव्हती. तिथल्या उंच पोस्टवर इंजिन बंद करायचं नसतं, परत चालू होईल याचा भरवसा नाही, हवा इतकी विरळ की कधी कधी जेमतेम एक जेरीकॅन नेता येतो. असंच एकदा खाली येताना माझा को-पायलट अगदी शांतपणे म्हणाला, सर, एक बत्ती लागलीये. कुठली रे? "आपल्या आवडीची नाही, सर." उतरल्यावर चहाचे मग धरले तर दोघांचे हात लटलटत होते, तर म्हणे आज थंडी फारच आहे नाही. पुढे एका सॉर्टीवरून, म्हणजे उड्डाणावरून, तो परत आला नाही. पण आजही डॅशबोर्डवर कुठलाही लाल दिवा लागला की आम्ही तिघंही एकदमच म्हणतो, आवडीची नाही.

त्याच चीताचा मूळ फ्रेंच भाऊ लामा, १९७२ मध्ये तो १२,४४२ मीटरवर नेला होता, वर इंजिन बंद पडलं आणि पायलट नुसत्या फिरत्या पात्यांवर तरंगत खाली आला. हा किस्सा मी सांगितला की डबेवाल्याचं ठरलेलं, "म्हणजे येतानाचं फ्यूल वाचलं."

इकडे सोसायटीच्या ग्रुपवर याच जॅमबद्दल नरकयातना, जगणं असह्य, वगैरे धो धो चालू. आमच्या गाडीत मात्र चिवडा.

मानपाड्याला हिचा फोन आला, अहो, कुठे पोचलात? तात्याने फोन हिसकावला, "वहिनी, फायनल अप्रोच." ती म्हणाली, "भावोजी, तुम्हा लोकांचा फायनल अप्रोच मी जन्मभर ऐकलाय, लिफ्टचा आवाज आल्याशिवाय मी भात लावत नाही."

डबेवाला मागून म्हणाला, वहिनींना रॉजर सांग, आणि ती चिवड्याची दुसरी पिशवी फोड.