‘पूर्वी सगळं नैसर्गिक होतं’ या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचा सारांश असा: पूर्वी बायका घरीच बाळंत व्हायच्या, कुणाला काही होत नव्हतं, सिझेरियन दहा-पंधरा टक्क्यांच्या वर नको असं खुद्द जागतिक आरोग्य संघटना म्हणते, प्रसूतीवरचं संशोधन हॉस्पिटलचा धंदा वाढवायला केलेलं असतं, आणि मन शांत ठेवलं तर गुंतागुंत होतच नाही. यातलं थोडं खरं आहे, म्हणून तर तो इतका पसरतो. एकेक मुद्दा घेऊ.

‘पूर्वी कुणाला काही होत नव्हतं.’ ज्या वाचल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या. आणि ‘पूर्वी’पर्यंत जायचीही गरज नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फेथ असेंब्ली हा वैद्यकीय मदत नाकारणारा पंथ होता. त्यांच्या बाळंतपणांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. मातामृत्यूचं प्रमाण निघालं लाखामागे ८७२. त्याच राज्यातल्या इतर बायकांमध्ये ते ९ होतं. पंथ लहान होता, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे धरा. तरी इतकी तफावत योगायोगाने पडत नाही.

हॉस्पिटल म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही कधी नव्हतं. व्हिएन्नात १८४७ साली डॉक्टरांच्या वॉर्डात सुइणींच्या वॉर्डापेक्षा जास्त बाळंतिणी दगावत होत्या, कारण डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच तपासायला येत. तिथल्या सेमेलवाइस या डॉक्टरने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हा मुद्दा सापडला नाही, नाहीतर त्याच्या खूप कामाचा होता.

‘सिझेरियन दहा-पंधरा टक्केच.’ हा आकडा १९८५ सालचा. २०१५ मध्ये संघटनेने तो नीट मांडला: देशाच्या पातळीवर प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने मृत्यू आणखी घटल्याचं दिसत नाही; पण ठरावीक टक्का गाठण्यापेक्षा जिला गरज आहे तिला सिझेरियन मिळालं पाहिजे. हा हिशेब अख्ख्या लोकसंख्येचा आहे. वार (प्लॅसेंटा) गर्भपिशवीच्या तोंडावर आलेली बाई समोर असताना टक्का काढून उपयोग नाही. विनाकारण सिझेरियन होतात हे मात्र खरं, आणि तिथे डॉक्टरांना जाब विचारलाच पाहिजे.

‘संशोधन धंद्यासाठी.’ इथे मात्र मजकूर साफ आपटतो. १९७९ मध्ये आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरने पुराव्याविना उपचार करण्याबद्दल सगळ्या वैद्यकशाखांमध्ये प्रसूतिशास्त्राला ‘लाकडी चमचा’ दिला. हे शेवटच्या नंबराला चिडवून द्यायचं बक्षीस. त्यानंतर याच क्षेत्रातल्या संशोधकांनी आपल्याच सवयी तपासायला घेतल्या. बाळंतपणात योनीमुखाशी सरसकट छेद देऊन टाके घालण्याचा फायदा नाही, हे अर्जेंटिनातल्या १९९३ च्या चाचणीने दाखवलं. कळांमध्ये गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा १९५० च्या दशकातल्या आलेखांवरून आलेला नियम. केवळ त्या कारणावरून कळा वाढवायची घाई करू नका, असं २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं. बाळाचे ठोके सतत मशीनवर घेण्याची डब्लिनमध्ये सुमारे १३ हजार बायकांवर चाचणी झाली: नवजात बाळांचे झटके निम्मे झाले, पण सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं कायमचं अपंगत्व) कमी झाली नाही. मशीन विकणाऱ्यांसाठी कुणी असे निष्कर्ष छापत नाही.

अशा तपासणीत जे टिकलं, ते बघा किती स्वस्त आहे. मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं, साधं औषध. ते दिल्याने रक्तदाब वाढलेल्या गरोदर बायकांना झटके येण्याचा धोका निम्म्यावर येतो, हे २००२ च्या मॅगपाय चाचणीत सुमारे दहा हजार बायकांवर दिसलं. त्याहून साधी गोष्ट म्हणजे प्लास्टिकचं एक कापड. बाळंतपणानंतर रक्त चादरीत, बोळ्यांत, जमिनीवर जातं आणि ‘फार नाही’ असा नजरेने अंदाज बांधला जातो. हे पारदर्शक कापड बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरतात. त्याला खाली नरसाळ्यासारखी पिशवी असते आणि पिशवीवर मापाच्या रेघा. रक्त रेघेला टेकलं की पोटावरून गर्भाशय चोळणं, ते आकुंचन पावण्याचं औषध, रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड, सलाइन, रक्त कुठून येतंय याची तपासणी, सगळं एकदम सुरू करायचं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत हे करून पाहिलं. नेहमीच्या पद्धतीत जादा रक्तस्रावाच्या जवळजवळ निम्म्या केसेस लक्षातच येत नव्हत्या. कापडामुळे ९३ टक्के पकडल्या गेल्या. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्याने मृत्यू, हे एकत्रित प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘मन शांत ठेवलं की झालं.’ कळांच्या वेळी सतत कुणीतरी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात, हे २६ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलंय. सोबतीला बाहेर बसवणाऱ्या हॉस्पिटलांनी ते वाचावं. पण वार सुटल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर त्याचा मनःशांतीशी संबंध नसतो. अशा वेळी ‘तूच घाबरलीस’ म्हणणं क्रूरपणा आहे. आठव्या-नवव्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या दिवसांत एखादीचं डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तर तिला श्वासाचे व्यायाम सुचवू नका. लगेच रक्तदाब मोजायला न्या.