थाई बात म्हणजे तोळा नव्हे

थायलंडच्या सहलीची तयारी सुरू झाली की एक संदेश हमखास येऊन पडतो. त्यात म्हटलेले असते की, थाई चलन ‘बात’ म्हणजे आपलाच तोळा, त्याचे 64 भाग आपल्या जुन्या रुपयाच्या 64 पैशांवरून उचललेले, आणि 1897 साली इंग्रजांनी दशमान पद्धत लादल्यावर ही जुनी मापे नामशेष झाली. बात हे मुळात वजन आहे, तेवढ्या भाराची चांदी म्हणजे एक बात, एवढे त्यात खरे आहे.

तो भार मात्र तोळ्याचा नाही. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा (आपले सराफ हल्ली 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतात, हा आणखी एक घोळ), तर बात सुमारे 15 ग्रॅमचा. बँकॉकच्या याओवारात भागातील सोन्याच्या दुकानांत आजही भाव बातवर सांगतात. लगडीचा बात 15.244 ग्रॅमचा, दागिन्याचा 15.16 ग्रॅमचा आणि सोने 96.5 टक्के शुद्धतेचे. बातला आपला 10 ग्रॅमचा तोळा समजून भाव ताडणाऱ्याला तेथील सोने उगाचच दीडपट महाग वाटेल.

बातचे 4 सलुंग, सलुंगचे 2 फुअंग आणि फुअंगचे 8 अट, असे मिळून 64 अट होतात, हे खरे. पण निम्म्या-निम्म्याने वाटत गेले की 64 वर कोणीही पोहोचतो. तेवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. वरच्या मापांत तर साम्य उरतच नाही: 4 बातचा एक तामलुंग आणि 20 तामलुंगांचा एक छांग, म्हणजे 80 बात, जवळजवळ 1.2 किलो चांदी.

इंग्रजांनी लादल्याची गोष्ट तर निव्वळ कल्पना आहे. सयाम, म्हणजे पूर्वीचा थायलंड, ब्रिटिशांची वसाहत कधीच नव्हता, आणि बातचे 100 सतांग करण्याचा निर्णय चुलालोंगकॉर्न राजाच्या सरकारचा होता. त्याआधी, मोंगकुट राजाच्या काळात, व्हिक्टोरिया राणीकडून नाणी पाडण्याचे यंत्र भेट आले होते; पण 1860 पासून सयामची चपटी नाणी पाडली गेली ती राजाच्याच टांकसाळीत. चांदीचा तुकडा वाकवून केलेली गोळीसारखी ‘फोत-दुआंग’ नाणी त्यानंतरही चालत राहिली आणि 1904 साली रद्द झाली. तांब्याचे अटही 1897 नंतर काही वर्षे पाडले जात होते.

शिवाय सगळी मापे नामशेष झालेली नाहीत. 25 सतांगच्या नाण्याला थाई लोक अजून सलुंगच म्हणतात, आणि सोन्याच्या दुकानात पाव बात वजनाची अंगठी हवी असेल, तर एक सलुंगाची मागावी लागते.