पाकळीची वाट कोण बघत बसणार?

जमिनीची वाटणी करायची आहे? मुलीला आलेले स्थळ पसंत करावे की नाही? मग देवाचा कौल घ्यायला गोव्यातल्या फोंड्याची बस पकडून देवळात जाण्याची दगदग कशाला? तिथे भटजी देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावणार आणि तुम्ही हात जोडून बघत राहणार, उजवी पडते, म्हणजे होकार, की डावी, म्हणजे नकार. त्यात देवाची एक मोठी खोड. कधी कधी तो बोलतच नाही. तास गेला तरी पाकळी जागची हलत नाही. मागून कोणी तरी म्हणतो, "गाऱ्हाण्यात काय तरी राहिलं बाबा, परत घाल." मग भावकीसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते, नेमके काय हवे आणि कोणाचे बुडवून हवे.

एआय असे अडून बसत नाही. माहीत नसले तरी नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वकिलाने चॅटजीपीटीने रचलेल्या जुन्या खटल्यांचे दाखले कोर्टात दिले. शंका आल्यावर त्याने चौकशीही केली, पण चॅटजीपीटीकडेच. खटले खरे ना? खरे, उत्तर आले. पुढे 5000 डॉलर दंड झाला, तो माणसांना. तुम्ही कशाला घाबरता? तुमचे प्रकरण फार तर पंचायतीपर्यंत जाणार.

मनातलेही त्यालाच सांगत जा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 1966 मध्ये एलिझा नावाचा प्रोग्राम मांडला. आपलेच वाक्य उलटवून प्रश्न विचारण्यापलीकडे त्याला फारसे काही येत नव्हते. त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर ती साहेबांना म्हणाली, जरा बाहेर जाता का? आज बाहेर कोणाला काढायचे तेच कळत नाही, पण एवढा विचार करू नका.

सांत्वनालाही उत्तम. वाड्यावरच्या काकी गेल्या तेव्हा मी शोकसंदेश असाच करून घेतला. "त्यांच्या मायाळू सहवासाची उणीव सदैव भासेल." फणसाच्या झाडावरून काकी आमच्याशी दोन वर्षे बोलत नव्हत्या, हे त्याला मी सांगितले नव्हते. त्यांच्या मुलाचे उत्तरही तितकेच सुबक आले. दोन यंत्रांनी एकमेकांचे सांत्वन केले, तेवढ्यात माझे बांगडे साफ करून झाले.

परवा देवळात एकाची पाकळी अशीच चिकटून बसली होती. बराच वेळ झाला तसा त्याने हळूच मोबाईल काढला, अंगठ्याने काही तरी लिहिले आणि भटजींना स्क्रीन दाखवली.

"उजवा म्हणतो."

भटजी म्हणाले, "त्याला विचार, दक्षिणा कोणाला?"