पासवाल्यांची रांग

आमच्या घरात रांगेत उभे राहण्याचे काम परंपरेने माझ्याकडे आहे आणि रांगेच्या पुढच्या टोकाला कोणी ओळखीचे आहे का, हे पाहण्याचे काम आमच्या ह्यांच्याकडे. ही वाटणी लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात ठरली. अंबाबाईच्या दर्शनाची रांग पार भवानी मंडपापर्यंत आली होती. मी निमूटपणे शेवटच्या बाईच्या मागे उभी राहिले आणि हे ‘आलोच’ म्हणून जे गेले, ते अर्ध्या तासाने कपाळाला कुंकू लावून परतले. मुखदर्शनाच्या रांगेत त्यांना शाळेतला कोणी मित्र भेटला होता. कोल्हापुरात राहून ज्याला रांगेत उभे राहावे लागते, त्याचे गावात काही वजन नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेलो, तर तिथल्या म्हशीशीही ह्यांची ओळख निघेल की काय, अशी मला धास्ती वाटत असते.

यंदा मे महिन्यात गडहिंग्लजहून वन्सं दोन्ही मुलांना घेऊन आल्या. रंकाळा पाहून झाला, पन्हाळा पाहून झाला, आणि मुलांनी थीम पार्कचा हट्ट धरला. शहरापासून तासाभरावर, हायवेलगत असलेल्या त्या पार्कचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझे भांडण पार्कपेक्षा अंकगणिताशी आहे. मी गेली बावीस वर्षे शाळेत गणित शिकवते आणि त्या दिवशी माझे उत्तर चुकले.

तिकीट माणशी १,२०० रुपये होते. त्याखाली लाल अक्षरांत ‘एक्स्प्रेस पास’ असे लिहिलेले होते. आणखी ९०० रुपये भरले की सहा राइडवर प्रत्येकी एकदा वेगळ्या दाराने, थेट पुढे जाता येणार होते. आमचा मुलगा धरून आम्ही सहा माणसे होतो. म्हणजे पासाचे ५,४०० रुपये झाले. एवढ्या पैशात वर्षाची चटणी डंकावर कुटून होते आणि वर शेजारी वाटी पाठवता येते. ह्यांचा विरोध मात्र तात्त्विक स्वरूपाचा होता.

“ओळखीनं पुढं जायचं, त्यात माणुसकी असती,” ते खिडकीतल्या मुलीला म्हणाले. “पैसे देऊन पुढं जायचं म्हणजे त्यात काय राह्यलं?”

त्या मुलीला हा प्रश्न बहुधा प्रथमच विचारला गेला असावा. आम्ही पास घेतला नाही. आत शिरताना ह्यांनी दारावरच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून “भावा, तू कुठला?” असा नेहमीचा डाव टाकला. त्याने गावाचे नाव न सांगता मनगटावरचा पट्टा यंत्रासमोर धरायला सांगितले. बारकोडला पाहुणे नसतात, हे ह्यांच्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते. पिशव्यांच्या तपासणीत आमचे किलोभर भडंग जप्त झाले. वन्संच्या पर्समध्ये, औषधांच्या खाली, दोन पाकिटे राहिली, ती कशी राहिली हे त्यांनी भावालाही सांगितले नाही.

सर्वांत आधी रोलर कोस्टर, असे मुलांनी ठरवले. त्याची रांग लोखंडी कठड्यांमधून नागमोडी वळवलेली होती. अशा रांगेत माणूस पुढे जात नाही, तो फक्त फिरून फिरून त्याच माणसांसमोर येतो. पहिल्या वळणावर निळी साडी नेसलेल्या एका बाईंशी माझी नजरानजर झाली. दुसऱ्या वळणावर त्या हसल्या. तिसऱ्या वळणावर “कुठल्या तुम्ही?” झाले आणि त्यांचे माहेर आमच्या आत्याच्या गावातले निघाले. चौथ्या वळणावर वन्संनी भडंगाचे पहिले पाकीट फोडले. पाचव्या वळणावर त्या बाईंनी आपल्या पुतणीचा फोटो फोनवर दाखवला. मुलगी फार्मसी झालेली होती आणि वन्संचा चुलतदीर तिशीला टेकलेला होता. प्रत्येक वळणाला भेट जेमतेम अर्ध्या मिनिटाची होत असल्यामुळे पत्रिका, उंची आणि अपेक्षा हे विषय सहाव्या, सातव्या आणि आठव्या वळणांवर वाटून घ्यावे लागले. कांदेपोह्यांच्या बैठकीत न उमगणाऱ्या कितीतरी गोष्टी त्या कठड्यांमधून सहज कळल्या.

माझे गणित एवढ्यात पुढे गेले होते. गाडीत २० माणसे बसत होती, दर ४ मिनिटांनी एक फेरी सुटत होती आणि आमच्या पुढे साधारण २४० माणसे होती. १२ फेऱ्या, म्हणजे ४८ मिनिटे. हे मी मोठ्याने जाहीर केले आणि आजूबाजूच्या चार कुटुंबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. रांगेच्या अशा हिशेबांना शास्त्राची बैठक आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग नावाच्या गृहस्थांनी १९०९ साली त्यावरचा पहिला निबंध लिहिला. अर्थात, त्यांच्या हिशेबात बाजूचे दार नव्हते.

बाजूच्या दारातून पासवाले येत होते. ते घाईत नव्हते, हे मला विशेष लागले. थंड पेयाचे ग्लास हातात धरून, गप्पा मारत ते यायचे, दारावरचा मुलगा साखळी काढायचा, आणि दर फेरीला २० पैकी आठ-नऊ जागा त्यांच्याकडे जायच्या. आमच्या वाट्याला अकरा, फार तर बारा. म्हणजे १२ नव्हे, २१ फेऱ्या. ४८ मिनिटांची जवळजवळ ८५ मिनिटे झाली आणि माझ्यावर विश्वास ठेवणारी चार कुटुंबे माझ्याकडे, निकालाच्या दिवशी पालक पाहतात तशी पाहू लागली. पासवाल्याचे वाचलेले प्रत्येक मिनिट हवेतून येत नाही, ते मागच्या कोणाच्या तरी खिशातून जाते, एवढी साधी वजाबाकी मी मांडलीच नव्हती.

ही कल्पना मुळात इतकी वाईट नव्हती. डिस्नेच्या पार्कांत १९९९ साली ‘फास्टपास’ सुरू झाला तेव्हा तो फुकट होता. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, इतरत्र हिंडायचे आणि चिठ्ठीवर छापलेल्या वेळी परत यायचे. म्हणजे माणसाऐवजी चिठ्ठी रांगेत उभी राहणार. आपल्याकडे रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून बायका घरी भाकरी थापायला जात, त्यातलाच हा प्रकार. पुढे २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कांत त्या सोयीला दाम पडू लागला. आमचे मुखदर्शन मला त्याहून न्यायाचे वाटते. तिथे वेळ वाचतो, पण देवी लांबून पाहावी लागते. काहीतरी मिळवायला काहीतरी सोडावे लागते आणि गाभाऱ्याजवळ जाणाऱ्याला तुमच्यामुळे थांबावे लागत नाही. माझ्या लग्नानंतरच्या नवरात्रातला राग मी त्या कठड्याशी उभी असताना मागे घेतला. ह्यांना तसे सांगितले मात्र नाही.

८५ मिनिटांत त्या कोस्टरचा, गाडीला उलटी करून आणणारा वळसा मी इतका न्याहाळला की भाच्याला त्यावर धडा दिला. वळसा नीट गोल नसतो, उलट्या थेंबासारखा असतो. पूर्ण गोल केला, तर गाडी वरच्या टोकाला जेमतेम तरून जाईल एवढा वेग धरला तरी खाली आत शिरताना आपल्या वजनाच्या सहापट दाब अंगावर येतो. १८९५ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर असा गोल वळसा लोकांनी अनुभवला आणि माना धरून घरी गेले. कॅलिफोर्नियात १९७६ साली थेंबाच्या आकाराचा वळसा आला, तेव्हा कुठे ही उलटापालट सोसण्याजोगी झाली. “मामी, तुम्ही भ्यायला नाही ना?” भाच्याने विचारले. ज्याला गणित कळते त्याला भीती कसली, असे मी म्हणाले आणि सुरक्षित म्हणून शेवटची ओळ निवडली.

शेवटची ओळ सुरक्षित नसते. म्हणजे तीही तितकीच सुरक्षित असते, पण पुढचे डबे चढ ओलांडून उताराला लागलेले असतात आणि ते मागच्या डब्याला शिखरावरून खसकन ओढून नेतात. हे मी दहावीच्या मुलांना दोरी आणि ठोकळे घेऊन शिकवले आहे. ते मला चढाच्या माथ्यावर आठवले, पण तेव्हा उतरण्याची सोय नव्हती. पुढच्या मिनिटभराचे वर्णन मी करू शकत नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. मी “चांगभलं” असे ओरडत होते, एवढे नंतर मुलाने सांगितले. राइड ७० सेकंदांची होती. ५,१०० सेकंद उभे राहून ७० सेकंद मिळाले, म्हणजे सुखाच्या एका सेकंदामागे तपश्चर्येचे त्र्याहत्तर. सुख हा शब्द मी इथे इतरांच्या वतीने वापरत आहे.

खरा प्रसंग उतरल्यावर घडला. पादत्राणे चढण्याच्या बाजूला काढायची होती आणि बाहेर पडण्याचे दार दुसऱ्या बाजूला होते. ह्यांच्या कापशी पायताणाची जोडी आत राहिली. ती आणायला हे अनवाणी, तापलेल्या फरशीवर टाचा उचलत, रांगेच्या कडेने पुढे निघाले आणि चहूबाजूंनी गलका झाला.

“ओ काका, रांगेत या की! आम्ही काय खुळे म्हणून उभारलोय?”

आयुष्यभर राजरोसपणे रांगा ओलांडलेला हा माणूस, एकदाच निव्वळ चपलांसाठी पुढे जात असताना पकडला गेला. ह्यांनी उघडे पाय उचलून दाखवले. कोणीही ते पुरावा म्हणून मान्य केले नाहीत. शेवटी निळ्या साडीतल्या बाईंनी, त्यांची फेरी अजून लागायची होती, ‘आमचे होणारे पाहुणे आहेत’ अशी साक्ष दिली, तेव्हा वाट मिळाली.

पायताण घालून हे परत आले ते सरळ पासाच्या खिडकीकडे गेले. तत्त्वाविषयी मी काही विचारले नाही. ५,४०० रुपये भरले गेले.

पास घेतल्यावर पार्क निराळेच दिसू लागले. सरळ खाली पडणाऱ्या मनोऱ्यावर आम्ही तीन मिनिटांत पोहोचलो आणि मला प्रथमच कळले की रांगेचा काहीतरी उपयोग असतो. तिच्यात घाबरायला पुरेसा वेळ मिळतो. भुताच्या घरातली भुते फार थकलेली होती, त्यातल्या एकाने आम्हाला पाहून जांभई दिली. हलत्या खुर्च्यांच्या चित्रपटगृहात तोंडावर पाणी उडाले, ते उन्हात बरे वाटले. डॅशिंग कारमध्ये वन्संनी भावाला तीनदा मागून ठोकले आणि त्यात बालपणीचे काही हिशेब असावेत असे वाटले. पाण्यातल्या ओंडक्याच्या राइडपाशी मात्र पासाची रांग साध्या रांगेपेक्षा लांब निघाली, कारण जेवणानंतर ह्यांच्यासारखी पुष्कळ माणसे तत्त्व सोडून खिडकीकडे गेली होती.

तिथेच साध्या रांगेत निळी साडी उभी होती. मधे फक्त एक साखळी होती. बाईंनी आमच्या मनगटावरचे लाल पट्टे पाहिले. “घेतला होय पास?” एवढेच त्या म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये ठेवून दिला. वन्संनी साखळीवरून भडंगाचे उरलेले पाकीट पुढे केले, तर “नको, घशाला खवखवतं” असे उत्तर आले. चुलतदीर अजून तिशीतच आहे.

संध्याकाळी पट्ट्यावर एक राइड शिल्लक होती, लाकडी घोड्यांचे चक्र. तिथे चिटपाखरू नव्हते. साधे दार सताड उघडे होते आणि चक्र चालवणारा मुलगा एका घोड्याला टेकून चहा पीत होता. मुलांनी, वन्संनी आणि मी सरळ आत जाऊन घोडे धरले. हे मात्र पासाच्या दाराशी थांबले.

“भावा, पट्टा स्कॅन कर,” ते म्हणाले.

“काका, तिकडून या की सरळ. कोणच न्हाई.”

“नऊशे भरल्यात. इकडनंच येणार.”

मुलाने चहा खाली ठेवला, यंत्र शोधून आणले, पट्टा वाचला आणि साखळी काढली. पासाच्या वाटेला आठ वळणे होती. त्या रिकाम्या कठड्यांमधून हे एकटेच, एकही वळण न चुकवता, पायताणे करकर वाजवत आमच्याकडे येत होते, आणि मुलगा घंटी न वाजवता त्यांची वाट पाहत उभा होता.