अयोध्येपाशी थांबू नका, खरी गोष्ट आजोळाची आहे

‘कोरियाची राणी आपल्या अयोध्येची’ ही पोस्ट थोड्या थोड्या दिवसांनी फिरतच असते. इ.स. ४८ मध्ये राजकन्या हो ह्वांग-ओक गलबतातून कोरियाला गेली आणि तिथल्या गाया राज्याचा संस्थापक राजा सुरो याच्याशी तिचं लग्न झालं, असं त्यात असतं. कथा छान आहे, पण ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या कोरियन ग्रंथात ती आली आहे १०७६ सालच्या एका वृत्तान्तावरून. मध्ये हजार वर्षं गेली. त्याच वृत्तान्तात सुरोनं १५८ वर्षं राज्य केलं असंही आहे, तेव्हा जरा बेतानं.

दुसरा घोळ म्हणजे किम आडनावाचे सगळेच तिचे वंशज ठरवणं. कोरियात कुळ नुसत्या आडनावावर ठरत नाही, सोबत मूळगाव लागतं. त्याला ‘बोनग्वान’ म्हणतात. गिम्हे किम (२०१५च्या जनगणनेत सुमारे ४४ लाख) सुरोचे वंशज. ग्यंगजू किम शेजारच्या सिल्ला राज्याच्या राजवंशातले, त्यांचा मूळपुरुष आल्जी. आडनाव एक, कुळं दोन.

मला सुरोच्या कुळाचं मोठेपण दिसतं ते हरल्यानंतर. ५३२ मध्ये सुरोच्या राज्याचा, म्हणजे गुमग्वान गायाचा, शेवटचा राजा गुह्यंग तीन मुलांसह सिल्लाला शरण गेला. सिल्लानं त्याला वरचा दर्जा दिला आणि त्याचंच राज्य त्याला जहागीर म्हणून दिलं. मुलगा मुर्योक सिल्लाचा सेनानी झाला. तरी सिल्लाचे जुने सरदार या घराण्याला आपल्यातलं मानेनात. मुर्योकचा मुलगा सोह्यन यानं सिल्लाच्या राजघराण्यातल्या मान्म्यंगशी सूत जुळवलं, तर तिच्या बापानं तिला कोंडून ठेवलं. ती निसटली, आणि ५९५ मध्ये त्यांच्या पोटी जन्मला किम यू-शिन, पुढे सिल्लाचा नावाजलेला सेनापती.

यू-शिननं हिशेब नीट ओळखला: तलवारीनं मान मिळतो, सोयरिकीनं जागा. बहीण मुन्ही लग्नाआधीच सिल्लाच्या राजघराण्यातल्या किम चुन-चूपासून गरोदर राहिली, तेव्हा तिला जाळतो म्हणून त्यानं अंगणात लाकडं पेटवली. धूर सिल्लाची राज्यकर्ती राणी सोंदोक हिला दिसला आणि लग्न लागलं, अशी कथा. (मुलगा ६२६चा, राणी गादीवर आली ६३२ला, सालं जुळत नाहीत.) चुन-चू ६५४ मध्ये राजा झाला, पुढच्याच वर्षी त्याची मुलगी यू-शिनला दिली. म्हणजे मेहुणा तोच सासरा!

मुन्हीचा मुलगा मुन्मू ६६१ मध्ये गादीवर आला आणि त्यानं सुरोची पूजा पुन्हा सुरू करवली, खर्चासाठी थडग्याजवळची उत्तम जमीन लावून दिली. आजोळचा मूळपुरुष म्हणून! हरलेल्या राज्याचा संस्थापक जिंकणाऱ्यांच्या पूजेत बसला तो असा, भाच्यामुळे. माझ्या लेखी हा हुकूम त्या गलबतापेक्षा मोठा.

पुढे उतरण लागली. ७७० मध्ये यू-शिनचा एक वंशज बंडाच्या आरोपावरून मारला गेला. ७७९ मध्ये यू-शिनच्या थडग्यातून वावटळ उठली आणि ती सिल्लाचा पहिला किम राजा मिचू याच्या थडग्याकडे गाऱ्हाणं घेऊन गेली, असं लोक सांगू लागले. राजानं घाबरून थडग्यापाशी माफी मागायला सरदार पाठवला, वर यू-शिनच्या नावानं एका मठाला ३० ग्योल (जमिनीचं जुनं कोरियन माप) जमीन दिली.