नव्या लॅपटॉपची आवक तपासणी

नवा लॅपटॉप घेताना पैसे मोजावे लागतात आणि घेतल्यानंतर धीर धरावा लागतो. पहिल्या गोष्टीसाठी बँका हप्त्यांची सोय करून देतात. दुसरीसाठी कोणीही काही करून देत नाही. माझा जुना लॅपटॉप खरे तर ठणठणीत होता. परंतु विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला जी टीपीएम २.० नावाची सुरक्षाव्यवस्था लागते ती त्या बिचाऱ्यापाशी नव्हती; त्यामुळे अंगात कोणताही आजार नसताना केवळ नियत वयोमानानुसार त्याला सेवानिवृत्त करावे लागले.

नवा लॅपटॉप आम्ही ठाण्यातच, गोखले रोडवरच्या एका दुकानातून आणला. बिलावर शिक्का मारता मारता दुकानदार म्हणाला, की काही दोष निघाला तर सात दिवसांच्या आत घेऊन या, बदलून देऊ. त्यानंतर मात्र तुम्ही आणि कंपनी. हे वाक्य संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकांच्या कानावर गेले आणि आमच्या घरी तपासणीपर्व सुरू झाले. काकांनी सारी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, बाहेरून आलेला माल तपासून घेण्याच्या खात्यात केली आहे. त्यांच्या मते जगात माल दोनच प्रकारचा असतो: नाकारलेला आणि अजून न तपासलेला. निवृत्तीनंतर त्यांच्या हाती तपासायला फारसे काही येत नाही, त्यामुळे आमचे खोके त्यांनी ज्या नजरेने पाहिले ती मला अजून आठवते.

खोके उघडण्याचे चित्रीकरण झाले पाहिजे, ही काकांची पहिली अट होती, आणि ती रास्त होती. आत वस्तू कमी निघाली तर पुरावा काय, असा प्रश्न दुकानदार विचारू शकतो. माझ्या भाच्याने मोबाइल धरला, काकांनी चष्मा सावरला आणि मी अनुक्रमांक वाचू लागलो. खोक्यावरचा, बिलावरचा आणि यंत्राच्या पोटावरचा असे तिन्ही क्रमांक जुळले पाहिजेत, हे तत्त्व अगदी बिनतोड आहे. अडचण एवढीच, की तो क्रमांक साबुदाण्याहूनही बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि त्यातले शून्य व इंग्रजी ओ ही दोन्ही चिन्हे जुळी भावंडे असतात. भिंगाच्या साहाय्याने अखेर तिन्ही क्रमांक जुळले. काकांनी आपल्या वहीत बरोबरची खूण केली, पण ती पेन्सिलीने.

यानंतर यंत्र चालू केले. येथपासून पुढे बराच वेळ आम्ही यंत्राची नव्हे, तर यंत्र आमची चौकशी करीत होते. देश कोणता, भाषा कोणती, कळफलक कोणता, आणखी एखादा कळफलक हवा का, घरातले वायफाय कोणते, त्याचा पासवर्ड काय, तुमचे खाते आहे का, नसेल तर काढता का, काढले असेल तर त्याचा पासवर्ड आठवतो का, चेहरा दाखवता का, बोट टेकवता का, ते नको असेल तर निदान पिन तरी ठरवता का! मग खासगीपणाच्या निवडी आल्या. तुमचे ठिकाण आम्हांला कळू द्यावे काय, तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवाव्यात काय, तुमच्या टंकलेखनाचे नमुने सुधारणेसाठी पाठवावेत काय, असे प्रश्न इतक्या अदबीने विचारलेले होते, की नाही म्हणताना मलाच अवघडल्यासारखे झाले. काकांना मात्र तसे काही झाले नाही. प्रत्येक प्रश्नाला ते मागून "नाही म्हण" एवढेच सांगत होते, आणि त्या भरात त्यांनी "वायफायला जोडायचे का?" यालाही नाही म्हणायला लावले असते.

वेळेच्या विभागाची यादी उघडली तेव्हा भारतासाठी चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली अशी चार नावे एकत्र दिसली. ठाण्याचे नाव नव्हते. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघून ज्या गावी आली, त्या गावाला स्वतःची वेळ सांगण्यासाठी अजूनही मुंबईच्या नावावर टिचकी मारावी लागते, हे मला लागले. मी तसे बोलूनही दाखवले. भाचा म्हणाला, "मामा, वेळ तीच आहे." तरुण पिढीला मुद्दा कळत नाही तो असा.

अद्यतनांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ती चालू असताना माणसाने करण्यासारखे काहीच नसते. यंत्र बंद करू नका, अशी सूचना पडद्यावर फिरत राहते, टक्के वाढत राहतात, मधेच यंत्र आपण होऊन बंद होते व पुन्हा चालू होते, आणि सौभाग्यवती दर खेपेला विचारतात, "अहो, झाला का सुरू? की नुसता तापतोय?"

खरा वाद साठवणुकीवरून झाला. खोक्यावर ५१२ जीबी असे ठसठशीत छापलेले असताना विंडोज मात्र सुमारे ४७६ जीबीच दाखवत होते. काकांचा चेहरा उजळला. "छत्तीस जीबी गेले कुठे? चल, गाडी काढ." मी त्यांना बसवले आणि समजावून सांगितले, की तयार करणारी कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असे मोजते, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजत असल्याने त्याच्या लेखी एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट होतात, ५१२ अब्जांना या आकड्याने भागले की ४७६ आणि वर थोडे एवढेच उरतात. हा घोळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने १९९८ सालीच १०२४ च्या हिशेबाला गिबिबाइट हे स्वतंत्र नाव देऊन ठेवलेले आहे, परंतु ते ना खोक्यावर छापले जाते ना विंडोजच्या पडद्यावर उमटते. काकांनी भागाकार स्वतः कागदावर करून पाहिला. उत्तर पटले, न्याय पटला नाही. "म्हणजे दुकानात त्याचा किलो आणि घरी आल्यावर आपला किलो, असंच ना?" यावर मजजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

पडद्याची तपासणी रात्री ठरली. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. त्यांतला एखादा मेलेला आहे का, हे पाहण्यासाठी संपूर्ण पडदा आळीपाळीने लाल, हिरवा, निळा, पांढरा व काळा करून निरखायचा असतो. शिवाय एखाददुसरा ठिपका मेला तर त्याला दोष न मानण्याची तरतूद पुष्कळ कंपन्यांच्या हमीपत्रात असते, ही गोष्ट काकांना हमीपत्र वाचताना सापडल्यामुळे त्यांचा निश्चय अधिकच पक्का झाला होता. खोलीतले दिवे मालवले, खिडक्यांचे पडदे ओढले, आणि आम्ही दोघे एका पूर्ण काळ्या पडद्यापुढे नाक नेऊन बसलो. तेवढ्यात सौभाग्यवती आत आल्या.

"काय बघताय हो?"

"काही नाही."

"ते दिसतंच आहे. काका, चहा टाकू का?"

पांढऱ्या रंगावर अखेर तो सापडला. उजव्या कोपऱ्यात, वरून बोटभर खाली, एक सूक्ष्म काळा ठिपका! काकांनी माझा खांदा दाबला. भाच्याने मोबाइल काढला. आता पुरावा टिपायचा, एवढ्यात चहा घेऊन आलेल्या सौभाग्यवतींनी ओढणीच्या टोकाने तो ठिपका पुसून टाकला, आणि त्याबरोबर काकांच्या चेहऱ्यावरचे तेजही पुसले गेले.

सात दिवसांच्या मुदतीचा हा विचित्र परिणाम असतो, असे माझे निरीक्षण आहे. माणूस वस्तू चांगली निघावी म्हणून घेतो, परंतु बदलून मिळण्याची सोय आहे म्हटल्यावर तीत काहीतरी खोट निघावी, अशी आस त्याला लागते. ती निघाली नाही, तर आपण कोठे तरी कमी पडलो असे वाटू लागते. जुना लॅपटॉप आम्ही घरी आणल्या दिवसापासून वापरला आणि त्याला कोणी काही विचारले नाही. तोही कुरकुर न करता चालला.

कळफलकाची पाळी आली. प्रत्येक कळ दाबून पाहणे ओघानेच आले. रुपयाचे चिन्ह आपल्या देशाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. ते उजवीकडचा आल्ट आणि ४ एकत्र दाबल्यावर उमटते की नाही, हे काकांनी स्वतः पाहिले. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक बसवून शिफ्टसह एन दाबला आणि ळ उमटला, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. जेथे पूर्वी उजवीकडचा कंट्रोल असे, तेथे आता कृत्रिम बुद्धिमत्तेची कळ आहे. ती दाबताच, आपली काय सेवा करू, अशी विचारणा झाली. "विचार त्याला, तुझ्यात काही बिघाड आहे का म्हणून," काका म्हणाले. मी विचारले. त्याने स्वतःविषयी काहीही न सांगता, नवा लॅपटॉप घेतल्यावर काय काय तपासावे याची सविस्तर यादी दिली. काकांनी ती आपल्या यादीशी ताडून पाहिली. तीत काही कलमे नवीन निघाली, आणि मी ते यंत्र त्या क्षणी बंद करायला हवे होते असे भाच्याचे मत पडले.

त्या नव्या कलमांतच बॅटरीचा अहवाल होता. काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहिली की मूळ क्षमता किती आणि पूर्ण चार्ज झाल्यावरची प्रत्यक्ष क्षमता किती, याचा तक्ता तयार होतो. आमच्या बॅटरीची प्रत्यक्ष क्षमता मूळ क्षमतेपेक्षा किंचित जास्तच भरली. नव्या बॅटरीत असे आढळते, हे मी सांगून पाहिले. "जास्त भरली म्हणजेसुद्धा मापात नाही," असा शेरा वहीत पडला. ध्वनी, कॅमेरा आणि यूएसबीच्या खाचा मात्र मुकाट्याने उत्तीर्ण झाल्या.

ड्राइव्हवरचा मजकूर परक्याला वाचता येऊ नये म्हणून तो कूटबद्ध केल्यामुळे अडीअडचणीला लागणारी ४८ अंकी किल्ली जपून ठेवायची होती. ती यंत्रातच ठेवली तर यंत्र अडल्यावर मिळणार नाही. खात्यात असतेच, पण खात्याचा पासवर्ड मी यंत्रात लिहून ठेवलेला. अखेर सहा-सहा अंकांचे आठ गट सौभाग्यवतींनी कागदावर उतरवले आणि तो कागद दागिन्यांच्या डब्यात गेला. आता लॅपटॉप अडला, तर आधी डब्याची किल्ली शोधावी लागेल.

मुदत संपायला आली, तेव्हा काकांच्या वहीत एकच कलम शिल्लक राहिले होते: बुडाचे रबरी पाय. टेबलावर ठेवून कोपरा दाबला, की लॅपटॉप किंचित डुगडुगत होता. काकांनी एका पायाखाली पोस्टकार्ड सरकवून पाहिले आणि ते सहज आत गेले. मोठ्या समाधानाने ते घरी जाऊन आपली पाणसळ घेऊन आले. ती त्यांनी आधी लॅपटॉपवर ठेवली, मग जमिनीवर ठेवली, मग लॅपटॉप जमिनीवर ठेवला. तेथे तो जराही हलला नाही. काकांनी वहीत "स्वीकृत" असे लिहून, तारीख घालून, खाली सही केली. मग त्यांनी रिकाम्या टेबलाकडे बराच वेळ पाहिले, वहीचे कोरे पान उघडले आणि विचारले, "ह्याचं बिल आहे का रे तुझ्याकडे?"