बीड, गंज आणि डावे आटे

लाकूडकामाचं जुनं मशीन सहज मिळतं, कारण ते हलवायची कुणाचीच तयारी नसते. ट्रकमध्ये चढवून दिल्यावर विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर मुलीची पाठवणी सुखरूप पार पडल्याचं समाधान होतं. आता 36 इंची चाकांचा हा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, बँडसॉ (दोन चाकांवर पट्ट्यासारखं अखंड पातं फिरवणारी करवत) आमच्या गॅरेजमध्ये तेल पिऊन सुखात आहे आणि गाडी बाहेर पावसात भिजते.

असं मशीन खोलायला घेतलं की पहिलं भांडण नटबोल्टांशी. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवून दिलं, कोन 55 अंशांचा. पुढे अमेरिकेने आणि मेट्रिकवाल्यांनी 60 अंश धरले. अर्ध्या इंचाच्या बोल्टला व्हिटवर्थमध्ये इंचाला 12 आटे, अमेरिकी जाड आट्यांत 13. त्यामुळे परका बोल्टसुद्धा पहिले दोन फेरे अगदी प्रेमाने जातो, खरा स्वभाव त्यानंतर कळतो. बरं, व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टच्या जाडीचं माप लिहिलेलं असतं, म्हणून अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड भलतंच मोठं. त्यात एका चाकाच्या नटाला डावे आटे. मेहुणा मदतीला आला आणि पान्याच्या दांड्यात लांबलचक पाइप अडकवून लटकलाच. "अरे, डावे आटे आहेत, उलटा फिरव," असं मी सांगत होतो. "भावोजी, तुम्ही फक्त बाजूला व्हा." नट त्याने इतका आवळला की मूळ कारखान्यालाही जमला नसता.

गंजाचं प्रकरण त्यामानाने सोपं. टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजक्या भागाला आणि धन तार भंगार लोखंडाला. (स्टेनलेस स्टील अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.) बुडबुडे येतात, वर तांबूस फेस जमतो. "अहो, हे काय शिजतंय?" हिने दारातून विचारलं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून टब उघड्यावर ठेवलाय, असं मी कौतुकाने सांगितलं. त्या दिवसापासून वाळत घातलेले कपडे घराच्या दुसऱ्या बाजूला गेले.

खरी परीक्षा बॅबिटची. या मशीनला बॉल बेअरिंग नाही. दांडा फिरतो तो ओतलेल्या मऊ धातूच्या कुशीत. कथील, अँटिमनी आणि तांबं यांचं हे मिश्रण आयझॅक बॅबिटने 1839 मध्ये काढलं. जुनं झिजलेलं बॅबिट वितळवून काढायचं, दांडा नेमक्या जागी टांगायचा, फटी पुटीने लिंपायच्या आणि नवा धातू एका दमात ओतायचा. धातू चिकटू नये म्हणून दांड्याला आधी ज्योतीची काजळी धरायची. साचा गरम करून पुरता कोरडा केलेला हवा. आत थेंबभर पाणी राहिलं तरी त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू तोंडावर उडतो. ओतून झालं की दांड्याला निळा रंग फासायचा, फिरवून पाहायचं, निळं उमटेल तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. मग पुन्हा निळा, पुन्हा खरवडणं. जेवायला बसलो की हात निळे, आणि हिशेब विचारल्यासारखी सगळ्यांची नजर हातांवर.

मोटर थ्री-फेज, घरात सिंगल फेज. ड्राइव्ह नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा बसवला की एकातून तीन फेज होतात, पण दाब 230 व्होल्टच राहतो. म्हणजे एवढ्या कमी दाबावर चालावी म्हणून मोटरच्या तीन वेटोळ्यांची जोडणी स्टारमधून (तिन्हींची एकेक टोकं एका गाठीत) डेल्टात (टोकाला टोक जोडून त्रिकोण) आणायची. आमच्या मोटरच्या डबीत मात्र तीनच तारा बाहेर. स्टारची गाठ आत वेटोळ्यात गाडलेली. ती शोधून, सोडवून सहा टोकं बाहेर काढणं हे काम अशाच माणसाने करावं, ज्याला घरात कुणी हाक मारणार नाही.

मशीन पूर्ण झाल्यावर एक जाणकार स्नेही पाहायला आले. बॅबिट पाहून डोळे मिटून मान डोलावली. पात्यावरचं नवं झाकण, ब्रेक आणि ड्राइव्ह पाहून मात्र उसासा. "मूळपण गेलं हो." मूळपणात पातं उघडंच फिरायचं. 36 इंची चाकं मिनिटाला 500 फेरे घेतात, तेव्हा पात्याचा वेग तासाला 86 किलोमीटरच्या घरात जातो. माझा हिशेब सरळ आहे: बीड मूळचं आणि बोटंही मूळचीच.

स्नेह्यांना पटलं नाही. मी बटण दाबलं. ड्राइव्हने ती अवजड चाकं सावकाश उचलली. दिवे मिचमिचले नाहीत की पट्टा किंचाळला नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग खिशातून चष्मा काढून ड्राइव्हवरचा मॉडेल नंबर लिहून घ्यायला लागले.